मामाच्या पाच वह्या: धंद्यातली माहिती प्रणाली म्हणजे नेमकं काय

वेंगुर्ल्याजवळ माझ्या मामाचा काजूचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तेवढं मोठं काही नाही. बी सुकवायला प्रशस्त खळं, वाफवायला एक बॉयलर, बी फोडायची (फोडणीची) टेबलं, सोलणीची खोली आणि पुढच्या पडवीत ग्रेडिंग-पॅकिंग. सीझनला पंचवीस-तीस बायका कामाला येतात. मी छोट्या धंद्यांच्या हिशोबाची आणि संगणकाची कामं करतो. 'माहिती प्रणाली' हा शब्द कुणाला समजावून सांगायचा झाला की मी मामाच्या टेबलावरच्या पाच वह्यांपासून सुरुवात करतो.

पहिली वही फाटकावरची: कुणाकडून किती किलो बी आली, काय दराने. दुसरी वाफवणीची: रोज किती बी बॉयलरला चढली. तिसरी फोडणीची: कुणी किती गर काढला, कारण मजुरी किलोवर. चौथी पॅकिंगची: कुठल्या ग्रेडचे किती डबे भरले. पाचवी उधारीची. पाचही वह्या चोख, मामाचं अक्षर वळणदार, बेरजा बिनचूक. तरीही एका मे महिन्यात मी त्याला विचारलं, "मार्चमध्ये त्या व्यापाऱ्याकडून स्वस्तात घेतलेली बी परवडली का रे?" तो बराच वेळ वह्या चाळत राहिला आणि शेवटी म्हणाला, "लिवलेला सगळा आसा रे, पण गावणा नाय."

सगळं लिहिलेलं आहे, पण सापडत नाही. मोठमोठ्या कंपन्यांचंही दुखणं नेमकं हेच असतं, फक्त त्यांच्या वह्या पाचाऐवजी पाचशे असतात.

फाटकावरच्या वहीत '६२ किलो' असं लिहिलं, ती झाली नोंद. त्या नोंदीवरून कुणाचं तरी पुढचं पाऊल बदलत असेल, तर ती माहिती झाली. हा फरक आपल्या किनाऱ्यावर फार छान दिसतो. हैदराबादला 'इन्कॉइस' नावाची सरकारी संस्था आहे, १९९९ मध्ये स्थापन झालेली. उपग्रहांनी मोजलेलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांचे आकडे ती अभ्यासते. जिथे हरितद्रव्य जास्त तिथे सूक्ष्म वनस्पती, त्या खायला बारीक जीव, त्यांच्या मागे बारीक मासे आणि त्यांच्या मागे मोठे. पण हरितद्रव्याचा आकडा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलाच्या, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाच्या, हातात दिला तर तो त्याचं काय करणार? म्हणून संस्था त्याचा सल्ला करून पाठवते: या बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीत मासळी सापडण्याची शक्यता. आता तांडेल डिझेल आणि बर्फ किती भरायचा ते ठरवू शकतो. उपग्रहापासून तांडेलाच्या मोबाइलपर्यंतचा हा सगळा रस्ता म्हणजे माहिती प्रणाली.

म्हणून माहिती प्रणाली म्हणजे संगणक, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. नोंद करणारी माणसं, नोंदीची ठरलेली रीत, ती साठवायची जागा, दोन नोंदी एकमेकींशी जुळवायची सोय आणि जुळवून निघालेलं उत्तर योग्य माणसाकडे वेळेत पोचवणं, हे सगळं मिळून प्रणाली होते. यातल्या साठवणीला आणि जुळवणीला संगणक अफाट वेग देतो. धंद्यात संगणक पहिल्यांदा वापरला तो इंग्लंडच्या लायन्स या चहाची दुकानं चालवणाऱ्या कंपनीने. 'लिओ' नावाचा संगणक त्यांनी स्वतः बांधून घेतला आणि १९५१ मध्ये त्यावर पहिलं नियमित काम घातलं ते बेकरीत तयार होणाऱ्या मालाचं मूल्य काढायचं. पाव आणि केक यांच्यावर खर्च किती, त्यातून हाती काय येतं, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्या मामाचा प्रश्न याहून वेगळा नव्हता.

मामाकडे आम्ही सुरुवातीला संगणक आणलाच नाही. आणला खडू. फाटकातून आलेल्या प्रत्येक खेपेला एक नंबर द्यायचा आणि तो गोण्यांवर ठळक लिहायचा. खेप वाफवायला गेली की तोच नंबर बॉयलरच्या वहीत, फोडायला गेली की फोडणीच्या वहीत, सोलून ग्रेडिंगला आली की तिथेही. दोन खेपा एकत्र मिसळायच्या नाहीत. एवढाच नियम, पण तो अंगवळणी पडायला अख्खा सीझन गेला, कारण घाईच्या दिवशी अर्धी गोणी उरली की ती पुढच्या ढिगात ओतायची जुनी सवय होती. त्या नंबराने पाच वह्या एका दोऱ्यात ओवल्या गेल्या. पुढे सगळ्या नोंदी संगणकावर गेल्या, तरी त्यांना बांधून ठेवणारा दोरा तोच राहिला. मोठ्या कंपन्या कोट्यवधी रुपये मोजून 'ईआरपी' नावाची सॉफ्टवेअर बसवतात, त्यांच्या पोटातलं तत्त्व हेच आहे: खरेदी, उत्पादन, गोदाम, विक्री आणि हिशोब या सगळ्या खात्यांनी एकच सामायिक नोंद वापरायची. एकदा लिहिलेलं दुसऱ्याने पुन्हा लिहायचं नाही.

दोऱ्यातून काय निघालं ते आकड्यांत सांगतो. आकडे समजण्यापुरते सोपे करून घेतले आहेत. काजूच्या धंद्यात 'उतारा' हा शब्द फार महत्त्वाचा: शंभर किलो बियेतून किती किलो गर निघाला. समजा एक खेप १२० रुपये किलोने घेतली आणि उतारा २८ टक्के आला, तर एक किलो गरामागे बियेचे सुमारे ४२९ रुपये पडले. दुसरी खेप ११२ रुपयांनी मिळाली, पण बी ओलसर आणि भरायला हलकी. उतारा २५ टक्के. आता एक किलो गराला चार किलो बी लागली, म्हणजे ४४८ रुपये. फाटकावर आठ रुपयांनी स्वस्त वाटलेली बी पॅकिंगच्या टेबलावर पोचेपर्यंत किलोमागे १९ रुपयांनी महाग पडते. शिवाय अशा बियेचा गर फोडताना जास्त तुटतो, अख्खा कमी आणि पाकळी-तुकडा जास्त निघतो, आणि तुकड्याला अख्ख्याचा भाव मिळत नाही. मामा चाळीस वर्षं हा धंदा करतो आहे. मूठभर बी हातात घेऊन, दोन-चार फोडून तो बरंच ओळखतो. पण कुठल्या व्यापाऱ्याच्या बियेने वर्षभरात एकूण किती खाल्लं, हे हाताला कळत नाही. त्यासाठी दोरा लागतो.

आता यातला सगळ्यात नाजूक भाग: नोंद खरी कशी राहणार? याच्यावर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण प्रणाली कोसळते ती बहुतेक वेळा इथेच.

फोडणीच्या टेबलाशेजारी आम्ही इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला. काट्याचा आकडा संगणकाशेजारी बसलेल्या मुलाच्या बाजूला दिसायचा. तो वाचायचा, टाइप करायचा, झालं. आठवड्याभरात कुरकुर सुरू झाली. एक वयस्क काकी, वीसेक वर्षं फोडणी करणाऱ्या, सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काटो हयसर फिरव. माका दिसाक होयो." त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. त्यांच्या मजुरीचा आकडा त्यांच्यापासून लपवून मोजला जात होता. काटा फिरवला. मग प्रत्येकीला दिवसाच्या शेवटी छोटी छापील पावती द्यायला सुरुवात केली. त्या दिवसापासून चुका पकडायला पंचवीस जोड डोळे मिळाले, मुलाने '४.८' ऐवजी '४.३' टाकलं तर त्याच संध्याकाळी कळायचं. नोंद करणाऱ्याला त्या नोंदीचा काही उपयोग झाला, तर नोंद आपोआप सुधारते. फक्त 'साहेबांसाठी भरायचं' म्हणून भरलेले तक्ते जगभर खोटेच निघतात.

त्याच सुमाराला कुणी तरी सुचवलं की प्रत्येक बाईने किती किलो काढले ते मोठ्या पडद्यावर लावू, चढाओढ लागेल. मी विरोध केला आणि मामानेही ऐकलं. ज्या बाईचे हात दुखतात, जिला घरी तापाने फणफणलेलं पोर सोडून यावं लागलं, तिचा आकडा चारचौघांत टांगायचा हक्क कुठल्याही प्रणालीला नाही. मोजता येतं म्हणून सगळं सगळ्यांना दाखवायचं नसतं. कुणाला काय दिसावं हा प्रश्न प्रणाली बांधताना पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

दुसरी अडचण दिवाळीच्या तोंडावर आली. अख्ख्या गराचे चाळीस डबे शिल्लक होते. मामाने ते फोनवर पुण्याच्या गिऱ्हाईकाला कबूल केले, आणि त्याच दुपारी मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर तेच डबे मुंबईच्या गिऱ्हाईकाला. दोघंही आपापल्या जागी बरोबर, कारण दोघांनाही डबे समोर दिसत होते. शेवटी दुसऱ्या कारखान्याकडून चढ्या भावाने माल उचलून शब्द पाळावा लागला.

हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक चाकरमान्याला गणपतीच्या तिकिटांमुळे ठाऊक आहे. आरक्षण उघडलं की दादरच्या खिडकीवरचा माणूस आणि परळच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेला माणूस एकाच क्षणी कुडाळच्या शेवटच्या बर्थवर बोट ठेवतात. बर्थ एकालाच मिळाला पाहिजे. त्यासाठी प्रणाली तो बर्थ क्षणभर एकाच्या नावाने अडवते, दुसऱ्याला थांबवते. पैसे आले तर बर्थ पक्का, नाही तर मोकळा. व्यवहार पुरता व्हावा नाही तर झालाच नाही असं व्हावं. मधलं अर्धवट काही शिल्लक राहू नये. पैसे कापले गेले आणि तिकीट निघालं नाही, तर पैसे परत यायलाच हवेत. संगणकाच्या भाषेत याला व्यवहार-प्रक्रिया प्रणाली म्हणतात आणि बँक, यूपीआय, रेल्वे, किराणा दुकानाचं बिल या सगळ्यांचा तो पाया आहे. मामाकडे आता कबूल केलेला माल लगेच 'अडवलेला' म्हणून नोंदतात. डबे पडवीत दिसत असले तरी विक्रीला उपलब्ध किती, हा वेगळा आकडा असतो.

रेल्वेचंच आणखी एक उदाहरण मला फार आवडतं, कारण तिथे माहितीवर माणसांचे जीव अवलंबून आहेत. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून खुला झाला. ९१ बोगदे, खोल कापलेल्या दरडी, खाड्यांवरचे उंच पूल, आणि वर आपला पाऊस. म्हणून माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापकं बसवली आहेत. सावित्री, वाशिष्ठीसारख्या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं आहेत आणि रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र आहे. पण यंत्र बसवून काम संपत नाही. कुठल्या आकड्याला काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची, हा नियम चालकाला आधीच माहीत असतो. त्या क्षणी वरिष्ठांना विचारत बसायचं नसतं. पावसाळी वेळापत्रकातच गाड्यांचा वेग कमी धरलेला असतो. आकडा, मर्यादा आणि मर्यादा ओलांडली की करायची कृती, या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की त्याला नियंत्रण म्हणता येतं. बऱ्याच धंद्यांत आकडे भरपूर असतात, मर्यादा कुणी ठरवलेलीच नसते. मामाकडे आम्ही एकच मर्यादा ठरवली: खेपेचा उतारा २६ टक्क्यांच्या खाली गेला की त्याच दिवशी त्याच्या फोनवर निरोप.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत एक त्रिकोण काढलेला असतो. रॉबर्ट अँथनी या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६५ मध्ये संस्थेतल्या निर्णयांचे तीन थर मांडले, त्यावरून तो आला. तळाला रोजचं काम, मध्ये देखरेख, टोकाला दूरचे निर्णय. मोठ्या कंपनीत तीन थरांना तीन वेगळी माणसं असतात. मामाकडे तिन्ही थर एकाच डोक्यात. सकाळी फाटकावर तो विचारतो, 'ही गोणी घेऊ का?' शनिवारी मजुरी वाटताना विचारतो, 'या आठवड्यात तुकडा जास्त का झाला?' आणि पावसाळ्यात, काम थंडावलं की, 'पुढच्या वर्षी आफ्रिकेतून आलेली बी घेऊन कारखाना बारा महिने चालवावा का, मोठा बॉयलर घ्यावा का?' पहिल्या प्रश्नाला एका खेपेचा ताजा आकडा हवा. दुसऱ्याला आठवड्याची बेरीज आणि गेल्या आठवड्याशी तुलना. तिसऱ्याला चार-पाच वर्षांचा कल, शिवाय बाजारभाव आणि कर्जाचं व्याज असं बाहेरचं बरंच काही. तिसऱ्या प्रश्नाला बसलेल्या माणसापुढे गोणी-गोणीचा तपशील टाकला तर तो गुदमरतो.

तसं गुदमरणं आम्हीही भोगलं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीसेक अहवाल तयार होते आणि मी उत्साहाने ते सगळे मामाच्या फोनवर रोज जातील अशी सोय केली. महिन्याने विचारलं तर त्याने ते बघायचंच सोडलं होतं. व्यवस्थापनाचे अभ्यासक रसेल अ‍ॅकॉफ यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलं होतं की व्यवस्थापकांना माहितीच्या तुटवड्यापेक्षा नको असलेल्या माहितीचा पूर जास्त छळतो. मी ते कॉलेजात वाचलं होतं, तरी चूक केलीच. आता तीन अहवाल जातात: खेपेचा उतारा, शिल्लक माल, थकलेली उधारी.

इथवर सगळं कारखान्याच्या आत झालं. पण माल बाहेर जातो तेव्हा त्याच्याबरोबर माहितीही जावी लागते, आणि कित्येकदा तीच आधी विकली जाते. 'डब्ल्यू ३२०' असं लिहिलेला डबा घ्या. त्याचा अर्थ, एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. २४० लिहिलं तर गर त्याहून मोठे. दिल्लीचा व्यापारी मामाचा कारखाना कधी न बघता त्या एका आकड्यावर पैसे पाठवतो.

हापूसच्या बाबतीत हा धडा आपल्याला कडू रीतीने मिळाला. आलेल्या मालात फळमाशी सापडल्याने युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली, ती २०१५ च्या सुरुवातीला पुन्हा खुली झाली. काही पेट्यांतल्या माशीमुळे देवगडपासून पार उत्तरेतल्या बागांपर्यंत सगळ्यांचा आंबा अडकला. पेटी कुठल्या बागेची, तिथे काय फवारलं, कुठल्या पॅकहाउसमध्ये प्रक्रिया झाली, हे साखळीने सांगता आलं तर दोष त्या बागेपर्यंत नेता येतो आणि बाकीचे वाचतात. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या 'अपेडा' या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'मँगोनेट'मध्ये निर्यातीच्या बागांची नोंदणी होते ती यासाठीच. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांपुरतं. पण बाजारात परराज्यातला आंबा 'देवगड' म्हणून विकला जातो तेव्हा नुसतं मानांकनाचं प्रमाणपत्र पुरत नाही. पेटीपासून बागेपर्यंत मागे जाता येईल अशी नोंद लागते. बागायतदारांनी पेटीवर, फळावर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे, आणि मला ही आपल्याकडची अलीकडच्या काळातली फार मोलाची गोष्ट वाटते. गिऱ्हाईक जास्तीचे पैसे देतं ते चवीला आणि ती चव खरी असल्याच्या पुराव्याला.

नोंदी जपण्याबद्दल आपल्या किनाऱ्यावर वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा मालाबरोबर दुकानदारांच्या चोपड्या आणि संगणकही भिजले. माल विम्यातून थोडाफार भरून निघतो, पण कुणाकडून किती येणं आहे हेच पुसलं गेलं तर? म्हणून नोंदींची एक प्रत गावाबाहेर, इंटरनेटवरच्या साठ्यात रोज जायला हवी, आणि महिन्यातून एकदा ती खरंच उघडते का ते बघायला हवं. वीज गेली तर दिवस कसा नोंदवायचा याचं कोरं छापील पुस्तकही काट्याशेजारी ठेवा. आमच्याकडे ते पावसाळ्यात अजून लागतं.

खर्चाचं विचाराल तर खेप-नंबर आणि एक साधी एक्सेलची फाइल इथपासून सुरुवात करता येते. जीएसटीची विवरणपत्रं ऑनलाइन भरायची असल्याने बिलांचे आकडे संगणकावर जातातच. ५० हजारांहून जास्त किमतीचा माल राज्याबाहेर पाठवताना बहुतेक वेळा ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याची ऑनलाइन नोंदही लागते. कराच्या सक्तीने झालेली ही नोंद फक्त सीएकडे पाठवून न देता स्वतःच्या निर्णयांसाठी वापरली, तर अर्धी वाट चालून झालेली असते.

गेल्या मार्चमधली गोष्ट. शेजारच्या गावातले एक बागायतदार दरवर्षीप्रमाणे बी घेऊन आले. मामाने फोनवर त्यांच्या आधीच्या खेपा उघडल्या आणि त्या दिवशीच्या दरापेक्षा तीन रुपये जास्त सांगितले. ते चकित झाले, मग त्यांनी विचारलं, "माझ्या बियेचो उतारो किती येता?" इतकी वर्षं ते बी विकत होते आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मामाने पडदा त्यांच्याकडे फिरवला. चार खेपांपैकी तीन उत्तम, एक कमी. कमी पडलेली खेप अवकाळी पाऊस पडला त्या आठवड्यातली होती, घाईने नीट न सुकवता आणलेली. त्या वर्षी उरलेली बी त्यांनी आणखी दोन उन्हं दाखवून आणली. तेव्हापासून फाटकावरच्या पावतीवर आम्ही एक रकाना वाढवला आहे: मागच्या खेपेचा उतारा.